चढ्या तारा

काका पियानो लावायचे. म्हणजे वाजवायचे नाहीत. लोकांच्या घरी जाऊन, पियानोचं झाकण उघडून, किल्लीने एकेक तार ताणून ती सुरात आणायची आणि मग घरच्यांनी तो पुन्हा बिघडवेपर्यंत वाट बघायची, असा तो धंदा. कान इतका तयार, की आपला फ्रिज कोणत्या सुरात घुरघुरतो हे ते सांगत. कुणी विचारलं नसलं तरी सांगत. लग्न नवं होतं तेव्हा काकू कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होत्या. काका अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, सूर जरा खाली लागतोय." तेव्हापासून त्या घरातले कपडे मुकाट्याने वाळत आले.

काकू दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होत्या. ड्रिल सुरू झालं की पेशंटच्या तोंडात नळी धरायची, त्याने खुर्चीचे हात आवळले की "झालंच, थोडंसंच राहिलंय" म्हणायचं, आणि ते धादांत खोटं असायचं. या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्याच आठवड्यात व्हायोलिन घेऊन घरी आल्या.

"हे कुणासाठी?" काकांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"या वयात?"

"वयाचं मी बघते. तुम्ही कानाचं बघा."

पहिल्या दिवशी जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत खाली आले. "कुणाला लागलं-बिगलं का हो?"

"सूर अजून लागायचाय," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

काका खोलीच्या दारात येऊन उभे राहत, चेहरा दाढ किडलेल्या माणसासारखा. असे चेहरे बघून थांबायची काकूंना सवय नव्हती. "झालंच," त्या म्हणत, "थोडंसंच राहिलंय." मुलीचा फोन आला. "आई, बाबांना त्रास होतोय गं. निदान ते बाहेर असताना वाजव ना."

"ते घरी असताना मिक्सर बंद, रेडिओ बंद, माझं तोंडसुद्धा बंद. बाळा, आता जरा त्यांना सोसू दे. सोसलं की माणूस मऊ होतो."

क्लास दोन गल्ल्या पलीकडे होता. बाकीचे विद्यार्थी दुधाचे दात पडायच्या वयाचे. त्यांच्या दातांतल्या फटी बघून काकूंना कामावर आल्यासारखंच वाटे. शिकवणारी टीचर मुलीच्या वयाची, पण शिस्तीची. आल्याबरोबर प्रत्येकाचं व्हायोलिन स्वतः सुरात लावून द्यायची आणि मग काकूंना रोज एकच वाक्य ऐकवायची: "काकू, बोट थोडं पुढे. सूर खाली राहतोय."

आणि मग एक नवल घडलं. घरी काकूंचा सूर बरोबर लागायला लागला. काकांचा चेहरा सैल झाला. एकदा तर ते वर्तमानपत्र वाचता वाचता मान डोलावताना सापडले. क्लासमध्ये मात्र टीचरचं पालुपद तेच, बोट पुढे, बोट पुढे. काकूंनी मनाशी निदान केलं: पोरगी चांगली आहे, पण कानाने अधू. काका एवढे जाणकार, ते मान डोलावतात, आणि ही कालची मुलगी!

क्लासचा कार्यक्रम ठरला. शाळेच्या हॉलमध्ये मुलांनी एकेक धून वाजवायची, टीचर पियानोवर साथ देणार, पियानो अर्थातच काका लावणार. काकूंची पाळी शेवटी होती. पुढच्या रांगेत काकांची गिऱ्हाईकं सहकुटुंब बसली होती. पडद्याआड टीचरने काकूंच्या तारा छेडून बघितल्या आणि कपाळाला आठी घातली.

"काकू, हे कुणी लावलं? सगळ्या तारा चढ्या आहेत."

"यांनी. रोज सकाळी हेच लावतात. आज इथेसुद्धा लावून दिलं."

शेजारी उभे असलेले काका अचानक पडद्याच्या दोऱ्या तपासू लागले.

"अहो. इकडे बघा."

"अगं, तुझी बोटं मागेच पडतात," काका कुजबुजले. "सगळी, सारखीच. म्हणून तारा तेवढ्याच वर घेतल्या. वाद्य चुकत असेल तर ते दुरुस्त करायचं, एवढंच मला येतं."

"वाद्य चुकत नव्हतं. मी चुकत होते."

"तेच ते. समोर सगळी गिऱ्हाईकं बसलीत, पियानो लावणाऱ्याची बायको आणि..."

"आणि घरी जे सुरात वाजत होतं ते कोण वाजवत होतं?"

"तूच की."

"नाही. तुम्ही. एवढ्याशा लाकडाच्या तुकड्यावर मला पहिल्यांदा काहीतरी माझं चुकायला मिळालं होतं, तेही तुम्ही निस्तरून ठेवलंत!"

टीचरने हात पुढे केला. "द्या काकू, मी पटकन लावते." काकांनीही हात पुढे केला. काकूंनी व्हायोलिन छातीशी धरलं आणि तशाच स्टेजवर गेल्या.

खुंट्या पिळायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. टीचरला त्यांनी पियानोवर एक सूर वाजवायला सांगितलं आणि पहिली खुंटी पिळली. तार करकरली. पुढच्या रांगेतली बाई दचकली. तार अर्धीमुर्धी सुटली, पुन्हा ताणली, पुन्हा सुटली. सभागृह खोकलं, खुर्च्या कुरकुरल्या, एका आजोबांनी घड्याळ बघितलं. एव्हाना पुढच्या रांगेत जाऊन बसलेल्या काकांनी जागेवरून बोट उचलून "वर, वर" अशी खूण केली. काकूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि चारही तारा आपल्याला पटेपर्यंत लावल्या. त्या जवळपास लागल्या होत्या.

मग वाजवलं. सुरुवात खालीच लागली आणि आता ती खाली लागतेय हे काकूंना स्वतःला ऐकू आलं. त्यांनी बोट पुढे सरकवलं. ते फार पुढे गेलं. पुढच्या सुराला मागे आणलं, ते फार मागे आलं. गिऱ्हाईकांनी एकमेकांकडे बघितलं. मधेच एक सूर मात्र असा लागला की टीचरने पियानोवरून मान वर केली. पुढचा पुन्हा घसरला.

धून संपली. टाळ्या पडल्या, संपल्याच्या आनंदाने पडतात तशा. कागदावर धुनेच्या शेवटी ती पहिल्यापासून पुन्हा वाजवण्याची खूण होती, पण मुलांना लांबेल म्हणून ती वगळायची असं टीचरनेच ठरवलं होतं. तिने पियानोवरून हात उचलले. काकूंना खाली उतरणं सोपं जावं म्हणून काका उठून टाळ्या वाजवू लागले.

"बसा," काकू स्टेजवरून म्हणाल्या. मग टीचरकडे वळल्या. "पुन्हा. पहिल्यापासून."