मिस्त्रींचा डावा हात

माझ्या नवऱ्याला सगळा कारखाना मिस्त्री म्हणतो. मीही तेच म्हणते, कारण घरात काही मोडलं की मला नवरा नको असतो, मिस्त्रीच हवा असतो. लोखंडाला लोखंड जोडणं हे त्यांचं काम. बॉयलर, टाक्या, जाडजूड नळ्या. अडचणीच्या जागी वेल्डिंग करायचं असलं की बाकीचे डोकं खाजवत उभे राहत आणि आमचे मिस्त्री काळी काच तोंडावर पाडत म्हणत, "त्यात काय! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून घरी आले ते लुळा पडलेला उजवा हात घेऊनच. पाय वाचले, वाचा वाचली, जीव वाचला. हाताचं मात्र काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"देव परीक्षा बघतोय," सासूबाई म्हणाल्या.

"बघू दे की," मी म्हणाले. "पण अभ्यास कशाचा करायचा, ते तरी आधी सांगायचं!"

त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. देव नाही, असं मला एकदाही वाटलं नाही. जो नाहीच त्याच्यावर रुसणार कोण? संध्याकाळी सासूबाई हात जोडून बसल्या की मी मुद्दाम भांडी घासायला घ्यायची आणि जरा जास्तच आपटायची. मिस्त्री आईशेजारी बसत. डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून उचलून वर आणत, दोन्ही तळवे एकमेकांना टेकवत आणि डोळे मिटत.

"काय मागता हो त्याच्याकडे?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. हजेरी लावतो."

"हजेरी लावून हात मिळतो?"

"हात देणं न देणं त्याचं खातं," मिस्त्री म्हणाले. "माझं खातं हजेरीचं."

असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

काही आठवड्यांनी फोरमन घरी आला. तो आणि मिस्त्री एकत्रच कामाला लागलेले, जुने दोस्त. पण त्या दिवशी तो चहाच्या कपातच बघत बोलत होता. "वरचे म्हणतायत, मिस्त्रीला गेटवर बसवू. खुर्ची आहे, पंखा आहे. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची, बस."

ज्या माणसाने उभं आयुष्य ठिणग्यांत काढलं, त्याला खुर्ची आणि पंखा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि निघाली ती नेमकी मिस्त्रींवर.

"डाव्या हातचा मळ, डाव्या हातचा मळ, हेच करत होता ना जन्मभर? घ्या! देवाने शब्दात पकडलं तुम्हाला. उजवा घेतला काढून. आता दाखवा म्हणावं डाव्याची करामत!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. फोरमनला ठसका लागला. मला माझीच जीभ चावावीशी वाटली. आणि मिस्त्री हसायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, अगदी खांदे हलेपर्यंत.

"बरोबर बोलली ही," ते म्हणाले. "फोरमन, माझी परीक्षा लाव. नव्या वेल्डरची घेतात तीच. डाव्या हाताने देतो."

"वेडा झालास का? पट्टी वाकवायची परीक्षा?"

"तीच. सवलत नको."

ही परीक्षा म्हणजे दोन जाड प्लेटा वेल्डिंगने जोडायच्या, जोड मधोमध येईल अशी पट्टी कापून काढायची आणि यंत्रात घालून पार दुमडायची. जोड चिरला की माणूस नापास.

"तडा गेला तर गेटच," फोरमन म्हणाला. "मग माझ्याकडे बघू नकोस."

सराव सुरू झाला तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. वेल्डिंगचा रॉड धरायच्या चिमट्यात, म्हणजे होल्डरमध्ये, रॉडऐवजी पेन्सिल, आणि टेबलाच्या दोन फळ्यांमधली फट म्हणजे जोड. पेन्सिल फटीवरून सरळ न्यायची. पण डावा हात थरथरायचा आणि रेघ दारू पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी या कडेहून त्या कडेला जायची. रोज तेच. मिस्त्री घाम पुसत, हजेरी लावत आणि पुन्हा बसत. मला वाटायचं, एवढा विश्वास टाकलाय या माणसाने, निदान थरथर तरी थांबव! पण अबोला होता. बोलणार कशी?

एका दुपारी मी टेबल पुसायला गेले. मिस्त्रींची पेन्सिल चालू होती आणि त्यांचा उजवा हात मधोमध पसरलेला. "हा घ्या हो बाजूला," असं म्हणत मी वैतागून तो उचलला आणि दिला पलीकडे ढकलून. तो जाऊन फटीच्या कडेला आडवा पडला. डाव्या हाताचं मनगट आपसूक त्याच्यावर टेकलं. आणि पेन्सिल या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली.

आम्ही दोघं बघतच राहिलो.

"हा हलत नाही," मिस्त्री हळूच म्हणाले.

"हलत नाही म्हणून तर सगळे रडतोय!"

"अगं, टेकू आहे हा! हलणारा टेकू काय कामाचा?" त्यांचे डोळे भरून आले. "मी रोज म्हणायचो, हा हात मला दे. त्याने तो कधीचा देऊन ठेवला होता."

"म्हणजे मागत होतात तर!"

"थोडंसं," मिस्त्री ओशाळून म्हणाले.

देवाशी बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण एवढा अबोला एका रेघेवर मोडायला मी काही लेचीपेची नव्हे.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रींचा चामडी एप्रन बांधायला म्हणून मी सोबत गेले. सगळं वर्कशॉप गोळा झालं होतं. तपासणीला बाहेरचे इन्स्पेक्टर आले होते. न हसणारे, न बोलणारे. मिस्त्रींनी जाड हातमोज्यातला उजवा हात टेबलावर आडवा ठेवला, डावं मनगट त्यावर टेकवलं आणि मान झटकून काच पाडली. फोरमनने मलाही एक काळी काच दिली. तिच्यातून फक्त एक हिरवट, लखलखता थेंब दिसत होता. तो सावकाश पुढे सरकत होता, जराही न डगमगता.

अर्ध्यावर तो थेंब विझला. रॉड प्लेटला चिकटला होता.

"गेलं," फोरमन पुटपुटला.

मिस्त्रींनी रॉड झटका देऊन सोडवला. वरची खपली ठोकून काढली, ब्रश मारला, नवा रॉड लावला आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढे निघाले. जोड पुरा झाला. पण जिथे काम तुटतं आणि पुन्हा सुरू होतं, तीच जागा सगळ्यात कच्ची, हे वेल्डरच्या बायकोलाही कळतं. इन्स्पेक्टरना तर कळणारच. त्यांनी खडूने नेमकी तिथेच खूण केली. "पट्टी इथली काढा."

पट्टी कापून यंत्रात ठेवली. मिस्त्री डोळे मिटून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझा अबोला गळून पडला. देवा, मी मनात म्हणाले, तडा गेला तरी तू आमचाच आणि आम्ही तुझेच. गेटवर बसू. मी भांडेन, पण बोलणं सोडणार नाही. आता तुला करायचं ते कर.

यंत्र अजून सुरूही झालं नव्हतं आणि माझी भीती गेली होती. खरंच गेली होती.

यंत्राचा दट्ट्या खाली आला. पट्टी वाकली, आणखी वाकली, दोन्ही टोकं समोरासमोर येईपर्यंत वाकली. इन्स्पेक्टरनी ती उजेडात नेली, अंगठ्याने पुसली, भिंग लावून बघितली.

"अखंड आहे," ते म्हणाले. "पास."

फोरमनने अशी आरोळी ठोकली की इन्स्पेक्टर दचकले. कामगारांनी हाती लागेल ते लोखंडावर बडवायला सुरुवात केली. त्या दणदणाटात मी रडत होते, हसत होते, आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती.

मग फोरमनने नंबर कोरलेला पोलादी पंच आणि हातोडी आणली. पास झालेल्याने आपल्या जोडाशेजारी आपल्या नंबराचा ठसा स्वतः ठोकायचा, ही तिथली रीत. एका हाताने पंच धरायचा, दुसऱ्याने हातोडी मारायची. मिस्त्रींनी हातोडी डाव्या हातात घेतली. तिघंचौघं मदतीला पुढे सरसावले.

"नको," मिस्त्री म्हणाले. "ही धरेल."

"मी? हातोडी तुमच्या डाव्या हातात आणि बोटं माझी?"

"धर गं."

मी पंच प्लेटवर उभा धरला. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. हातोडी वर गेली आणि खाली आली, पंचाच्या डोक्यावर, बरोबर मधोमध. माझी बोटं जागच्या जागी होती.

"अजून एक घाव घाला," मी म्हणाले. "खोल उमटू दे."