एकाच बिल्ल्यावर दोन अर्ज

फतेचंदशेठना कापडातली खोट डोळे मिटून कळायची. धाग्याचं टोक जाळून नाकाशी धरलं की सूत किती आणि नायलॉन किती, हे ते सांगून मोकळे होत. नारायणगावच्या पेठेत चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला एवढी ऐट शोभून दिसते. पण त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांच्या मुलानं, हितेशनं, तीन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता, आणि तिथली खोट मात्र शेठना कशानंच कळली नसती.

सन २००८चा जून. पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजची यादी इंटरनेटवर लागली आणि पिंपरी पेंढारचा कुशाबा तणतणत दुकानात आला. त्याच्या धाकटीला बारावीला चौऱ्याऐंशी टक्के होते. अर्ज हितेशनंच भरलेला, त्याची छापील प्रत कुशाबाच्या हातात, आणि तिच्यावरही चौऱ्याऐंशीच. यादीत मात्र तिच्या नावापुढं एक्कावन्न. पोरगी पार तळाला गेली होती. कॉलेजनं फोनवर हात झटकले: आमच्याकडं आलं ते आम्ही लावलं, कॅफेवाल्याला विचारा. हरकत घ्यायला त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. त्यानंतर पोरीचं वर्ष गेलं.

"एक्कावन आमच्या गावच्या गेणभाऊच्या पोरीला हायेत," कुशाबा म्हणाला. "तिचा अर्ज बी हितंच भरला. मला कागुद दिला, आन् मागनं आत बदल केला. दुसरं काय आसंल, शेठ?"

हितेश म्हणाला, मी काही बदललेलं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी साड्या मांडीवर तशाच ठेवून ऐकत होती. आणि शेठनी नको ते केलं. पेढीची अब्रू जातेय असं वाटून त्यांनी सगळ्यांदेखत पोराला विचारलं, "हितेश, कोणाच्या सांगण्यावरून बदललंस?"

हितेशनं एकदा बापाकडं पाहिलं आणि तो आपल्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला.

गिऱ्हाइकांत सयाजीची तेजस्विनी होती. सयाजी पिंपरी पेंढारचाच, द्राक्षबागवाला. पोरगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. मागं एकदा शेठनी तिला, तू तिथं करतेस काय, असं विचारलं होतं, आणि दुसऱ्यांनी केलेल्या वेबसाइटमधल्या चुका काढते म्हटल्यावर ते पोट धरून हसले होते. चुका काढायचा पगार मिळत असता तर त्यांच्या बायकोनं, गुलाबबाईंनी, बंगला बांधला असता.

तेजस्विनीनं हातातला ब्लाउजपीस बाजूला ठेवला आणि हितेशजवळ जाऊन बसली. तू बदललंस का, असं तिनं विचारलंच नाही. अर्ज भरताना पहिल्यापासून काय काय केलंस ते सांग, एवढंच म्हणाली. तो आधी चाचरत, मग नीट सांगू लागला. वीज सकाळी नऊला येते, एकला जाते. दारात नऊ जण उभे. साइट इतकी संथ, की एकेक अर्ज उघडत बसलं तर चौघांचेच होतील. म्हणून तो नवाच्या नऊ अर्ज एकाच ब्राउझरमध्ये शेजारी शेजारी उघडून ठेवायचा, आणि ज्याची मार्कलिस्ट हाताला लागेल त्याचे मार्क भरायचा. भारनियमनात सगळेच कॅफेवाले असंच करत होते. त्या दिवशीच्या नऊत या कॉलेजचे अर्ज दोनच होते, कुशाबाच्या आणि गेणभाऊच्या पोरीचे.

"आमच्या हापिसात लाईट जात न्हाई," ती हसून म्हणाली, "म्हणून तिथं हे कुणाच्या डोक्यात यायचं न्हाई."

साडेअकरा वाजले होते. तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि हितेशच्या फायरफॉक्स ब्राउझरला तीन छोटे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे एक्स्टेन्शनं, जोडले. त्याच साइटवर दुसऱ्या एका कोर्सचे अर्ज अजून चालू होते. तिनं शेजारी शेजारी दोन उघडले आणि कॉलेजचा गोंधळ नको म्हणून नावं घातली 'चाचणी एक' आणि 'चाचणी दोन'. पहिलं एक्स्टेन्शन असं की एक बटण दाबलं की अर्जातले चाळीस रकाने आपोआप भरले जायचे. हितेशला त्याला पाव तास लागायचा. तो पुढं सरकून बसला.

दुसऱ्यानं पानाच्या पोटात काय चाललंय ते उघडं केलं. शेठही गादीवरून उठून मागं येऊन उभे राहिले होते. तिनं त्यांना समजेल असं सांगितलं. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला देतात, तसा ही साइट ब्राउझरला देते. प्रत्येक अर्जाला वेगळा द्यायला हवा. दुसरा अर्ज उघडल्यावर साइटनं पहिल्याचा बिल्ला काढून घेतला, आणि दोघांना मिळून एकच ठेवला. मग तिनं 'चाचणी एक'च्या पानावर एक्कावन्न लिहून जमा केले. ते जाऊन बसले 'चाचणी दोन'च्या नावावर. पहिल्याची जागा रिकामीच राहिली. आणि कागदावर छापलं जात होतं ते मात्र समोरचं पान, अगदी बरोबर.

"म्हंजी गेणभाऊच्या पोरीचे मार्क मागनं माझ्या पोरीच्या मार्कांवर पडले," कुशाबा सावकाश म्हणाला. "आन् तिचं?"

"तिची जागा कोरीच आसंल. बघा."

यादीच्या शेवटी 'अपूर्ण अर्ज' असा मथळा होता. त्याखाली गेणभाऊच्या पोरीचं नाव निघालं.

शेठना मनापासून कौतुक वाटलं. ही पोरगी कोणावर चिडली नाही, कोणाला चोर म्हणाली नाही, नुसतं माप लावलं. तिसऱ्या एक्स्टेन्शननं तिनं प्रत्येक पानाचा वरपासून खालपर्यंत अख्खा फोटो घेतला, बिल्ल्याच्या आकड्यासकट. कोणत्या क्रमानं काय केलं ते आठ ओळींत लिहिलं, आणि वीज जायच्या आत ते सगळं कॉलेजला पाठवलं. चाळीस वर्षं माल पारखून आपण कधी इतक्या शांतपणे खोट दाखवली नाही, हे शेठनी स्वतःशी कबूल केलं. आपण तर गठ्ठा व्यापाऱ्याच्या अंगावर फेकत आलो.

चारला कॉलेजचा फोन आला. बोलणाऱ्याचा सूर सकाळच्यापेक्षा बराच मऊ होता. साइट बनवणाऱ्यांनी करून पाहिलं होतं आणि चूक तशीच निघाली होती. यादी मागं घेतली होती. दोघींचे मार्क मूळ मार्कलिस्ट पाहून लावणार होते. कुशाबानं हितेशच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, चुकलं राव माझं, आणि डोळे पुसत पोरीला सांगायला जीप पकडून गेला.

त्यानं दोन शब्दांत मिटवलं. शेठना ते इतकं सोपं नव्हतं. कुशाबा परका होता, संशय घेणारच. आपण बाप होतो.

संवत्सरीच्या दिवशी जैनांच्या घरी वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडं क्षमा मागतात. शेठही दरवर्षी हात जोडून घरातल्या लहानथोरांना क्षमेचे ते दोन शब्द म्हणत, हितेशलाही म्हणत, आणि म्हणता म्हणता पुढच्या माणसाकडं वळत. संवत्सरीला अजून अडीच महिने होते. बस्त्याची मंडळी अजून दुकानातच होती. शेठ त्यांच्यासमोर हितेशपुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्."

हितेश गडबडून उठला आणि त्यांचे हात खाली करू लागला. "बापूजी, लोक बघतायत."

"सकाळीही बघत होते," शेठ म्हणाले, आणि त्यांनी हात तसेच जोडून ठेवले.