शिलाई धरून साडेसात फूट

मी उशी बोलतेय. ऐकताय ना? मग आधी एक करा, हाताशी कात्री असेल तर ती जरा पलीकडे सरकवा. तुम्ही मला काही करणार नाही, ठाऊक आहे मला. पण कात्री दिसली की माझ्या आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो, त्याला मी तरी काय करू? कुणी पालीला भितं, कुणी विजेला. मी कात्रीला भिते. आणि नशीब बघा, जन्माला आले ती पडदे शिवण्याच्या दुकानात, आणि पदरात पडले ती कापणारीच्याच!

आमच्या दुकानात एक लांबलचक टेबल होतं, भिंतीला टेकून उभे कापडाचे तागे, दोन शिवणयंत्रं आणि चार माणसं. मास्तर सगळ्यांत जुने. थोरल्या मावशी आणि चष्मा या दोघी शिवणाऱ्या. चष्मा म्हणजे चष्मा लावणारी धाकटी. तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. आणि कापायला टेपताई. तिच्या गळ्यात मोजायची टेप कायम लटकलेली. “लग्नातसुद्धा हिने हाराखाली टेप घातली होती,” असं मावशी शपथेवर सांगायच्या.

टेपताईला सातवा महिना लागला होता. पोट टेबलाला लागायचं म्हणून ती तिरकी उभी राहून कापायची. मास्तरांनी टेबलाखाली एक लाकडी ठोकळा ठेवून दिला होता, त्यावर एकदा हा पाय, एकदा तो पाय. अर्ध्या तासाने मावशी ओरडायच्या, “टेप, बूड टेक!” की ती खुर्चीवर बसायची, पाय दुसऱ्या खुर्चीवर. चपला दोन मापं मोठ्या घेतल्या होत्या. सगळं नीट चाललं होतं, फक्त झोप नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कुशीवर झोपा, शक्यतो डाव्या. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटाखाली एक, पाठीशी एक, डोक्याखाली तर हवीच.

“चार झाल्या!” टेपताई दुकानात सांगत होती. “कूस बदलली की एक खाली, दुसरी नवऱ्याच्या तोंडावर. मी झोपू की उशांची राखण करू?”

हसण्यावारी गेलं ते. पण त्याच दुपारी अस्तर कापता कापता तिचे डोळे मिटले. क्षणभरच. कात्री मात्र चालत राहिली आणि रेघ सोडून चांगली वीतभर आत गेली.

मास्तरांनी ते अस्तर घडी करून बाजूला ठेवलं आणि मग म्हणाले, “सोमवारी मखमल कापायची आहे.”

आता ही मखमल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढची धडधड कळायची नाही. गावातल्या नाटकघराचा नवा पडदा आमच्याकडे आला होता. गर्द लाल मखमल, नऊ पट्टे. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एक पट्टा जरी उलट्या लवेचा कापला गेला, तरी दिव्यांच्या उजेडात तो वेगळाच दिसणार आणि सगळ्या गावाला दिसणार. जास्तीचं कापड आलेलंच नव्हतं. मास्तरांचा हात अलीकडे थरथरायचा, म्हणून त्यांनी टेपताईला कधीच सांगून ठेवलं होतं, हा पडदा तू कापायचास. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. रजेवर जायच्या आधी हे एकदा आपल्या हातून व्हावं, यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

“झोप झालेली नसेल तर मखमलीला हात लावायचा नाही,” मास्तर म्हणाले. “सोमवारी सकाळी तुझे डोळे बघेन. तांबारलेले दिसले तर मी दुसरा कापणारा बोलावेन. रागावू नकोस पोरी. कापड गेलं तर गेलं, पण बोटं कुठून आणायची?”

टेपताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून थोरल्या मावशींचा पारा चढला. “चार चार उशा कशाला? एकच लांब शिवू. पळून पळून जाणार कुठे?”

आणि तिथे माझी कुंडली मांडली गेली.

टेपताईने स्वतःला हनुवटीपासून घोट्यापर्यंत मोजलं, थोडं सढळ धरलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘५ फूट’. चिठ्ठी टेबलावर ठेवून ती डॉक्टरीणबाईंकडे तपासायला गेली. आता पडदेवाल्यांची एक खोड असते. नुसता आकडा दिसला की ते तयार माप समजतात आणि कापताना वर शिलाई धरतात, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. मावशींनी चिठ्ठी बघितली. भरल्यावर आखडते उशी, असं म्हणत दहा इंच वाढवून त्यांनी नवा आकडा लिहिला. त्या चहाला गेल्या तशी चष्माने चिठ्ठी उचलली. ‘भरल्यावर आखडेल की!’ आणखी दहा इंच. ती टाचण्या आणायला उठली आणि मास्तर आले. चाळीस वर्षांची सवय. चिठ्ठी, स्वतःचा चष्मा नाकावर, पेन्सिल, दहा इंच.

मऊ अस्तरी कापडाची मी शिवली गेले, पोटात पिंजलेला कापूस. तोंड शिवून मला टेबलाच्या रिकाम्या टोकाला पसरलं, तर माझे पाय टेबलाबाहेर लोंबायला लागले.

“अगं बाई, हा तर अजगर!” चष्मा किंचाळली. ती किंचाळली म्हणून मीही दचकले. जगातली माझी ती पहिली भावना.

मास्तरांनी टेप लावली. साडेसात फूट. “शिलाई कुणी कुणी धरली?”

मावशींनी हात वर केला. चष्माने केला. मग मास्तरांनी स्वतःकडे बघितलं आणि हळूच आपलाही केला.

घरी मला टेपताईच्या नवऱ्याने नेलं. तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस, आणि त्याच्या खांद्यावर मी! शेजारणीने दारातूनच विचारलं, “गालिचा घेतलात का?” तो म्हणाला, “नाही, भाडेकरू आणलाय.”

माझी शोभा झाली ती पलंगावर. सरळ ठेवलं तर पायथ्याकडून दोन फूट बाहेर. तिरकं ठेवलं तर नवरा बाहेर. पाठीशी घेतलं तर पोट लोंबतं, पोटाशी घेतलं तर पाठ दुखते. कूस बदलायची तर मला अंगावरून ओढून न्यायचं, म्हणजे होती ती झोपही उडणार. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. नवरा खाली सतरंजीवर गेला. बिचारा तक्रार करत नव्हता, पण सकाळी मान वाकडी करून ब्रश करताना दिसायचा.

शनिवारी दुपारी टेपताईचा धीर सुटला.

“कात्री आण,” ती म्हणाली.

मी थिजलेच. सुया सोसल्या होत्या, पण हे?

“कशाला?” नवऱ्याने विचारलं.

“कशाला म्हणजे? दोन करते हिच्या. एक मला, एक तुला. सोमवार उद्यावर आलाय आणि माझे डोळे बघ कसे झालेत.”

“उद्या रविवार आहे.”

“तू मला वार शिकवू नकोस!”

त्याने कात्री आणून दिली. दुकानातल्यासारखीच, लांब पात्यांची. मी देवाला हात जोडले असते, पण उशीला हात कुठले!

आता बघा, दुसरं कुणी असतं तर आलं मनात की चालवली कात्री. पण ती कापणारी. कापणारी माणसं थेट कापत नाहीत. आधी दुमडतात, टोकाला टोक जुळवतात, मध्यावर घडी पाडतात आणि मगच पातं लावतात. टेपताईने मला पलंगावर दुमडलं, घोड्याच्या नालासारखं. टोकं जुळवली. पण मी अशी जाडजूड, घडी काही बसेना. तळहाताने दाबलं, बसेना.

“थांब, बसूनच दाबते,” असं म्हणत ती माझ्या बाकाच्या आत येऊन बसली. मग पाठ दुखली म्हणून जराशी कलंडली, डाव्या कुशीवर. माझी एक बाजू तिच्या पाठीशी लागली. दुसरी पोटाखाली गेली आणि तिचं टोक आपोआप गुडघ्यांच्या मध्ये. डोकं माझ्या बाकावर.

“अय्या,” ती म्हणाली.

एवढंच. नवरा दोन मिनिटं थांबला, मग वाकून बघितलं. ती झोपली होती, कात्री हातातच. घड्याळातली स्प्रिंग काढावी तशी त्याने एकेक बोट सोडवत ती कात्री काढून घेतली, कपाटाच्या वर ठेवली आणि दाराची बेल बंद करून टाकली.

दिवेलागणीला ती उठली. कूससुद्धा बदलली होती तिने, मला न ओढता, कारण मी आता दोन्हीकडे होते. उठल्या उठल्या म्हणाली, “मला भूक लागलीय.” नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि हिला कुणी हात लावायचा नाही.”

तिघांच्या चुकीमुळे वाढलेले ते तीस इंच. त्यांच्यामुळेच मी कामाला आले.

सोमवारी मलाही दुकानात नेलं, दुपारच्या विश्रांतीसाठी. स्कूटरवर नवऱ्याच्या कमरेभोवती गुंडाळून! टेपताई रिक्षाने मागून येत होती आणि हसून हसून तिला उचकी लागली होती.

मास्तरांनी तिला खिडकीपाशी उभं केलं आणि डोळे बघितले. बराच वेळ. मग खिशातला खडू काढून तिच्या हातावर ठेवला.

मी मांडणीवरून सगळं बघत होते. मखमल टेबलावर पसरली. तिने तळहाताने लव पाहिली आणि प्रत्येक पट्ट्यावर दिशेचा बाण काढला. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. मधे दोनदा ती येऊन माझ्यात आडवी झाली, परत उठली. सातव्या पट्ट्याला तिने कात्री उघडली आणि थांबली. डोळे मिटले. गेलं, डुलकी लागली! मास्तर अर्धे उठले.

“कुणी बोलू नका,” टेपताई म्हणाली, डोळे मिटूनच. “आत पाय झाडणं चाललंय. ते थांबलं की कापते.”

शिवणयंत्रं थांबली. चष्माने तोंडावर हात ठेवला. चार माणसं आणि एक उशी, सगळे त्या न दिसणाऱ्या पावलांची वाट बघत उभे. मग ती म्हणाली, “हं, झाला नाच.” आणि कात्री खडूच्या रेघेवरून अशी गेली, की आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या आवाजाची भीती वाटली नाही.

नऊच्या नऊ पट्टे एका लवेचे. पडदा लागला त्या दिवशी सगळं दुकान नाटकघरात गेलं होतं. मला नेलं नाही, पण नवरा सांगत होता, नाटक सुरू झालं तरी मावशी पडद्याच्या घडीकडेच बघत होत्या.

मुलगी झाली. तिला दूध पाजताना मी टेपताईच्या हाताखाली असायचे. आता पोरगी रांगते, माझा एक कोपरा तोंडात धरते आणि मला ओढत दारापर्यंत नेते. मी मळलेय, दोनदा धुतली गेलेय, मधे थोडी बसलेय. आणि काल कळलं, मला निघायचंय. चष्माला पाचवा महिना लागलाय.

ती न्यायला आली आज. बुटकीशी आहे ती. मला उभं धरून बघितलं आणि म्हणाली, “टेपताई, मी केवढी, ही केवढी! थोडी कापून घेऊ का गं?”

माझा कापूस कोपऱ्यात गेलाच.

टेपताईने गळ्यातली टेप काढली नाही, कात्रीही मागितली नाही. मला पलंगावर ठेवलं, दुमडलं आणि चष्माला म्हणाली, “ये. आधी बस इथे.”

आता स्कूटर दाराशी उभी आहे. मला निघायला हवं. जाता जाता एकच मागणं आहे, माझ्यासारख्या सगळ्या लांबड्या, जाड्या, मापात न बसणाऱ्यांसाठी. तुम्हाला कापायचंच असेल तर कापा. पण कात्री उचलण्याआधी एकदा दुमडून बघा.