बंदुकीवरची कडी

बायको जाऊन महिना झाला नाही तोच मेहुणा दारात. नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे खुर्च्या मांडून घेणारा माणूस.

"दाजी, तुमचे डोळे गेले. बंदूक आमच्या वडिलांची. देऊन टाका."

ती सासऱ्यांनी बायकोला दिली होती, याला नाही. त्यांना माणसं कळायची. पण क्लबचा नियम होता: पासष्टीनंतर दरवर्षी पन्नास पावलांवरून पाच गोळ्या मारायच्या. काळ्या गोलात तीन लागल्या नाहीत, तर बंदूक दुसऱ्या नातेवाइकाच्या नावावर. दुसरा हाच.

डोळ्यांबद्दल मात्र तो खरं बोलला. नळीच्या मागची खाच, पुढच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, आणि लांबचा गोल, तिन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. मी बंदूक दुरुस्तीवाल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने खाच काढून तिथे कडी बसवली, मधे बारीक भोक.

"कडी पुसट दिसेल, दिसू दे," तो म्हणाला. "डोळा आपोआप मधोमध येतो. तुम्ही फक्त माशी गोलावर धरा. भोक बारीक असलं की जवळचं-लांबचं दोन्ही बरं दिसतं."

मला बायको आठवली. चष्मा सापडला नाही की ती मूठ वळून फटीतून औषधाच्या बाटलीवरचं वाचायची. "दुर्बीण निघाली!" म्हणून मी हसायचो. गाढव मीच.

परीक्षेला मेहुणा म्हणाला, "हे काय, चाळणी लावली?"

पाचांतल्या चार गोळ्या गोलात गेल्या.

"असल्या खेळण्याने कुणीही मारेल. आणा इकडे."

दिली. साहेब कडीलाच डोळे लावून बसले. माशी बरोब्बर मधे आणायला मान इकडे, मान तिकडे, तोवर हात लटपटायला लागले. पाचही गोळ्या मागच्या मातीत.

"कडी हलतेय."

"तू हलतोयस. कडीकडे नाही, कडीतून बघायचं. तुझ्या बहिणीला बंदूक न धरता हे कळत होतं."

त्याने निकालाच्या कागदावर सही केली. "पुढच्या वर्षी बघू."

"बघ. दिसलं तर."

घरी येऊन बंदूक पुसून ठेवली. बायकोच्या औषधाची शेवटची बाटली अजून खिडकीत होती. चष्मा काढून ठेवला आणि मूठ वळून डोळ्याला लावली.

दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

स्पष्ट दिसत होतं.