वळणावरची मोगरी

सुडलैमुत्तूचा उजवा डोळा गेलाय, हे त्याच्या बायकोला रथोत्सवाच्या आदल्या दिवशी कळलं. इसक्कीअम्माळने इडलीचं ताट त्याच्यापुढे सरकवलं, उजवीकडे तांब्या ठेवला, तर हा गडी तो चाचपत बसला. तिने माशी हाकलल्यासारखा हात त्याच्या डोळ्यापुढून नेला. पापणी हलली नाही.

"कधीपासून?"

"पोंगलपासून धुरकट होतं. आता गेल्यातच जमा."

"आणि उद्या चाकाखाली मोगरी लावायला जाणार तुम्ही?"

"हळू बोल! अण्णाचींच्या कानावर गेलं तर रथाजवळ उभं करणार नाहीत मला. देव आहे ना सांभाळायला."

"देव वर रथात बसतो. चाकाखाली हात तुमचा असतो."

नेल्लैयप्पर महादेवाचा रथ अख्खं तिरुनेलवेली ओढतं, पण त्याला वळवतात आणि थांबवतात ते मोगरीवाले. चालत्या चाकापुढे मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, सारायची आणि हात काढून घ्यायचा. सुडलैमुत्तूच्या बापाने हेच केलं, आज्यानेही. चुलत्याचा पाय याच चाकाने नेला होता.

संध्याकाळी ती मोगरीवाल्यांच्या म्होरक्याच्या, पिच्चय्या अण्णाचींच्या दारी गेली. म्हातारा ओसरीवर पानाला चुना लावत बसला होता.

"काय गं पोरी?"

सगळं ओठांवर आलं होतं. पण लोकांसमोर नवऱ्याची मान खाली जाईल, या विचाराने जीभच उचलेना. "काही नाही. उद्या किती वाजता जमायचं, विचारायला आले होते," म्हणाली आणि परत फिरली. रस्ताभर ती स्वतःला शिव्या घालत होती.

सकाळी रथ हलला तेव्हा तिने बायकांमध्ये दोरी धरली. ढोल, शंख, "हर हर" यांत कान बधिर झाले होते. ती पुढे ओढत होती आणि मान सारखी मागे वळत होती. सुडलैमुत्तू रथाच्या डाव्या अंगाने चालत होता. चाक त्याच्या उजवीकडे. सरळ रस्त्यावर त्याने दोनदा मोगरी बरोबर लावली. तिला वाटलं, निभावेल बहुतेक.

मग पहिलं वळण आलं. अण्णाचींनी हात वर केला. सुडलैमुत्तू वाकला, मोगरी सारली, पण ती तिरकी बसली. ती नीट करायला त्याने पुन्हा हात घातला. चाक थांबलंय असं त्याला वाटलं होतं. ते थांबलं नव्हतं.

इसक्कीने दोरी सोडली. पोलीस ओरडला, "ए बाई, मरायचंय का?" तिने ऐकलंच नाही. नवऱ्याच्या कमरेचं धोतर दोन्ही हातांनी धरून तिने त्याला मागे खेचलं. दोघं रस्त्यावर उताणी पडली. मोगरी काडकन फुटली. दुसऱ्याने नवी मोगरी लावल्यावर रथ करकरत थांबला.

त्याच्या दोन बोटांची नखं गेली होती. हात शाबूत होता.

अण्णाची धावत आले. "डोळे फुटले होते काय रे?"

इसक्कीने तोंड उघडलं, पण सुडलैमुत्तूच बोलला. "एक फुटलाय, अण्णाची. मी लपवलं."

म्हाताऱ्याने खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. मग त्याचाच रक्ताळलेला हात आपल्या पंच्याने घट्ट बांधला. "गाढवा, तुझ्या बापाला मी वर जाऊन काय सांगणार होतो? चल, दोरीला लाग. आणि रथ जागेवर गेला की डोळ्याच्या डॉक्टरकडे."

त्याच्या चाकावर शंकरन आला. नवाच होता. सुडलैमुत्तूने डाव्या हाताने दोरी धरली, इसक्की त्याच्या शेजारी.

"खूप जोरात ओढलंस," तो म्हणाला.

"गप्प चला."

दुसऱ्या वळणावर एका ओट्यावर शंकरनची बायको उभी होती, कडेवर तान्हं पोर, पदर तोंडाशी. इसक्कीला तिच्याकडे बघवेना. अण्णाचींचा हात वर गेला तशी तिने नवऱ्याचं मनगट धरलं आणि चाकावर डोळे रोखले. शंकरनने मोगरी सारली, हात काढला. रथ कण्हत, झुकत, सावकाश वळला.

अजून दोन वळणं बाकी होती.