बेहरामशेठच्या दोन गाड्या

बेहरामशेठ इराणींच्या सरावलीच्या चिकूवाडीत दोन जुन्या, उघड्या टपाच्या गाड्या होत्या. एक इंग्लिश, हिरवी एमजीबी. दुसरी इटालियन, लाल अल्फा रोमिओ. दोन्ही १९६७ सालच्या. तलासरीचा लाहू मिस्त्री वीस वर्षं दोन्हींचं काम करत होता. २०१८च्या जानेवारीत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभराने, शेठ म्हणाले, "लाहू, आता दोन नाही सांभाळता येत. एक देऊन टाकू. पण कोणती, ते माझ्याने ठरत नाही."

ठरवायला शेठच्या ओळखीतली नीलम आली; जी पसंत पडेल ती तीच नेणार होती. नाशिकला तिचं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप होतं. "अंकल, दोन्ही चालवून बघते. मग सांगते."

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. जाताना नीलमने एमजी घेतली, शेजारी शेठ. मागून लाहू अल्फा घेऊन निघाला. देवळापाशी चहा पिताना नीलम म्हणाली, "सरळ स्वभावाची गाडी आहे. चारच गिअर, पण कमी वेगातही जोर चांगला. रस्त्यात बंद पडली तरी पान्याने उघडून बघता येईल."

"बैल आहे बैल," शेठ म्हणाले. "खरी मजा त्या लालमध्ये."

परतताना नीलम अल्फात बसली आणि रस्ता दाखवायला लाहू तिच्या शेजारी. मग एमजी कोण नेणार?

"मी," शेठ म्हणाले.

"शेठ, क्लच जड आहे."

"माझा पाय मला माहीत आहे. चला पुढे."

लाहूचं लक्ष सगळं मागून येणाऱ्या शेठच्या एमजीकडे होतं. रानशेतच्या वळणांवर अल्फाचं इंजिन खुलून गायला लागलं, पाचवा गिअर पडला, तशी नीलम हसली. "काय हलकं स्टिअरिंग आहे! लाहूभाऊ, तुम्ही कोणती घेतली असती?"

 चार दिवसांपूर्वी ही गाडी वर उचलली तेव्हा लाहूला जे दिसलं होतं, ते त्याने शेठना अजून सांगितलं नव्हतं.

"चालवायला हीच," तो म्हणाला. "पण ताई, दाराखालचा पत्रा आतून गंजलाय. ही शेडच्या समुद्राकडच्या बाजूला उभी असते. वरून रंग आहे, म्हणून दिसत नाही."

नीलमने वेग कमी केला. "शेठना माहीत आहे?"

"नाही."

वाडीत पोचल्यावर लाहूने स्वतःच सांगितलं. शेठ खाली वाकले, दाराखाली बोट दाबलं. पत्रा करकरला.

"मला का नाही बोललास?"

"तुमचा जीव आहे हिच्यात. वाईट वाटलं असतं."

शेठ काही बोलायच्या आत नीलम म्हणाली, "अंकल, मला हीच हवी. पत्र्याचं काम माझ्याकडे रोजचंच आहे. लाहूभाऊंनी सांगितलं नसतं आणि ते मलाच सापडलं असतं, तर मात्र मी कुठलीच नेली नसती."

"तुला पसंत आहे ना, डिकरी? मग ने." शेठनी लाहूच्या खांद्यावर हात ठेवला. मग एमजीकडे वळून बघितलं. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता, चेहरा मात्र खुलला होता.

"देवळापासून इथपर्यंत, लाहू! एकदाही गिअर अडकला नाही. ऑपरेशन झाल्यापासून मी हिला उगाच बैल म्हणत बसलो." ते पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसले. "चल, डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत एक चक्कर मारू."

"गुडघा, शेठ?"

"दुखतोय. बस तू."