न वाजलेली शिट्टी

गायिका फोस्काच्या पहिल्याच प्रयोगात नापसंतीची शिट्टी पडली आणि ती तिच्याच गुरूनं वाजवली. पण असं काही घडलेलंच नाही. इटलीतल्या आमच्या पार्मा शहरात कोणालाही विचारा, माणूस छताकडे बघू लागेल.

तर जे घडलं नाही ते असं. एर्मेते गांदोल्फी तरुणपणी ऑपेरात गायचे. इथल्याच थिएटरच्या वरच्या गॅलरीनं शिट्ट्या मारमारून त्यांची कारकीर्द एका संध्याकाळात आटोपली; इथं शिट्टी म्हणजे वाहवा नव्हे, गायक पाडणं. शिट्ट्या मारणाऱ्यांचा म्होरक्या होता डुकराचं खारवलेलं मांस विकणारा हॅमवाला नेव्हियो. दुसऱ्या दिवशी तो हॅमचा चांगला थोरला तुकडा घेऊन दारात उभा. "राग मानू नकोस गड्या, सूर खाली होता." सूर खालीच होता आणि हॅम उत्तम होतं, त्यामुळे मैत्री जमली. एर्मेते गाणं शिकवू लागले, पण त्या थिएटरची पायरी पुन्हा चढले नाहीत.

शिकवताना त्यांची एक खोड होती. शिष्यानं भलत्या जागी श्वास घेतला की दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी. "गॅलरी मारणारच आहे, आत्तापासून सवय लाव!" फोस्का या शिट्ट्यांवरच वाढली.

तिचं नाव थिएटरच्या फलकावर लागलं तेव्हा नेव्हियोनं एर्मेतेंना ओढतच गॅलरीत नेलं.

"पोरगी पडली तर माझ्या शिकवण्यामुळे पडेल रे."

"पडली तर आम्ही पाडू. तू फुकटचं श्रेय घेऊ नकोस."

शेवटच्या अंकात ती लांबलचक ओळ आली. फोस्का दमली होती. ओळीच्या ऐन मध्यात तिनं श्वास घेतला. आणि एर्मेतेंची दोन बोटं, मालकाला न विचारता, तोंडात गेली.

थिएटर गारठलं. ही शिट्टी फोस्कानं झोपेतही ओळखली असती. वर्गात सोडायची तसे तिनं खांदे सैल सोडले आणि पुढची ओळ एका दमात पार नेली.

इकडे गॅलरी पेटली.

"कोण रे तो? आमच्या आधी शिट्टी?"

"पोर पहिल्यांदा गातेय, लाज नाही वाटत?"

"एर्मेते, तू?" नेव्हियो हबकला. "तुझ्या वेळी मी निदान ओळ संपेपर्यंत थांबलो होतो!"

एर्मेतेंना उचलून जिन्यात काढण्यात आलं. मग त्यांची जिरवायची म्हणून गॅलरीनं फोस्काला टाळ्या दिल्या, हात सुजेपर्यंत. एर्मेते पायरीवर बसून ऐकत राहिले. ही गॅलरी टाळ्या वाजवते तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

पडदा पडताच फोस्का धावत वर आली. "मास्तर, श्वास चुकला ना?"

"चुकला."

"आणि ती शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

"मी तर काही ऐकलं नाही बुवा," मागून त्यांचा कोट घेऊन आलेला नेव्हियो म्हणाला.

सकाळी एर्मेतेंनी थिएटरला अर्ज धाडला: 'माननीय व्यवस्थापक महाशय, कालच्या प्रयोगात कोणतीही शिट्टी वाजली नाही. तथापि, सदर ओळीत श्वासापुरती जागा ठेवण्याबाबत मूळ संगीतकारांना आपल्या स्तरावरून लेखी कळविण्यात यावे. ते मागील शतकात निवर्तल्याचे समजते. तरी ही सबब ग्राह्य धरू नये, ही नम्र विनंती.'